सैल कडेची गाळणी

मी गाळणी बोलतेय. चहाची साधी गाळणी. स्टीलची जाळी, तिला गोल कड, एका बाजूला दांडी आणि दुसऱ्या बाजूला भांड्यावर टेकायला छोटा आकडा. तुमच्या ओट्यावरही माझ्यासारखी एखादी असेलच. पण मी जे पाहिलंय ते तिने पाहिलेलं नाही. गेल्या आश्विनातल्या त्या रविवारी माझ्या हातून जे झालं, ते आठवलं की अजून माझा थरकाप होतो. गाळणीला हात नसतात हे मला ठाऊक आहे. तरी ते माझ्याच हातून झालं.

इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका भांड्यांच्या दुकानातून सुलोचनाबाईंनी मला आणलं. उजेडाकडे धरून, जाळीवर बोट फिरवून त्या दुकानदाराला म्हणाल्या, "हीच द्या भिया, ही एकदम मजबूत दिसते." मला तेव्हा वाटलं, चला, जन्म सुखात जाणार. दोनच माणसांचं घर. सुलोचनाबाई आणि त्यांचे यजमान दिवाकरराव. पलासियातल्या एका विमा कचेरीतून ते निवृत्त झाले होते. दिवसातून चार वेळा चहा, आलं घातलेला, साखर बेताची. दीड वर्ष मी ते काम चोख केलं.

मग एकदा मी ओट्यावरून पडले आणि माझी कड एका बाजूने सैल झाली. जाळी आणि कड यांच्यामध्ये बोटभर लांबीची फट पडली. त्या फटीत चहाची भुकटी जाऊन बसायची आणि कितीही घासलं तरी निघायची नाही.

"छी! परवाची भुकटी आजच्या कपात!" सुलोचनाबाई म्हणाल्या. स्वच्छतेच्या बाबतीत त्या अस्सल इंदुरी. दुसऱ्या दिवशी नवी गाळणी आली आणि माझी रवानगी भंगाराच्या डब्यात झाली. एका फटीसाठी! मला बोलता आलं असतं तर मी तिथेच भांडले असते.

त्या डब्यातून मला दिवाकररावांनी उचललं. कुणी बघत नाही ना, असं इकडेतिकडे बघून त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात घातलं. मला वाटलं, हे गुपचूप जास्तीचा चहा करून पिणार. पण ते मला घेऊन गेले कॉलनीच्या मागच्या बंद पडलेल्या दगडाच्या खदानीत.

काळा कातळ, त्यात खोलगट खळगे, खळग्यांत पावसाचं साचलेलं पाणी. बाकीचे खळगे दसऱ्याच्या आत आटतात. एकाच्या तळाशी बारीक झरा आहे, म्हणून तो वर्षभर पाणी धरून असतो. आकाराने घरातल्या मोरीएवढा. वर शेवाळ, कडेला लव्हाळ्याच्या चार काड्या, तळाला कुजलेली पानं. दिवाकरराव त्याच्या काठाशी उकिडवे बसले आणि त्यांनी मला सरळ त्या चिखलात बुडवलं.

मला! आल्याच्या चहात वाढलेल्या मला! तो धक्का मी कधी विसरणार नाही.

वर आले तेव्हा जाळीत चिखल होता आणि चिखलात काहीतरी वळवळत होतं. दिवाकररावांनी मला पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यात उलटं केलं, खिशातून भिंग काढलं आणि बघत बसले. मीही बघितलं. एका चपट्या किड्याच्या पाठीवर अंड्यांची दाटी होती, आणि ती पाठीवर घेऊन फिरणारा बाप होता, आई नव्हे. शेजारी काडीएवढं एक पिल्लू बसलं होतं, शेपटीला तीन नाजूक पिसं. गरीब दिसत होतं. तेवढ्यात त्याचा खालचा ओठ घडी उलगडल्यासारखा लांब बाहेर आला, समोरची डासाची अळी पकडली आणि आत घेतली. पुन्हा चेहरा गरीब.

"टाचणी, चतुराची बारीक बहीण," दिवाकरराव पुटपुटले. "हिचं पिल्लू असं पाण्यात राहतं. मग एके दिवशी काडीवर चढतं, पाठ फाडून बाहेर येतं आणि उडून जातं."

पाठ फाडून! घरोघरी लोक चहा पीत बसलेले असतात आणि भिंतीपलीकडे हे चाललेलं असतं, याची कुणाला कल्पना तरी आहे का?

असे सात वर्षांचे ऋतू मी त्यांच्या खिशातून पाहिले. पावसाळ्यात खदानीच्या वाटेवर म्हशीने ओल्या केलेल्या मातीवर रेशमी पंखांची तीसचाळीस फुलपाखरं बसून सोंडेने ते पाणी ओढताना दिसायची. फुलपाखरं फक्त फुलांवर बसतात, असं मला वाटत होतं. मी चार दिवस सुन्न होते. थंडीत उन्हाची वाट बघत पंख मिटून बसलेलं पाखरू सुक्या पानासारखं दिसायचं. दिवाकररावांना ते सापडायला कधी तासतास लागायचा. उन्हाळ्यात खळगा आटत आटत चहाच्या पातेल्याएवढा व्हायचा आणि सगळे जीव त्यात एकमेकांना खेटून राहायचे. खायचेसुद्धा एकमेकांना. ते मी इथे सांगत नाही.

दिवाकररावांकडे एक वही होती. तारीख, जागा, हवा, काय दिसलं आणि शेवटी पाहणारा: दिवाकर. प्रत्येक ओळीच्या शेवटी हे नाव ते न चुकता लिहायचे. ते सांगायचे तरी कुणाला! सुलोचनाबाईंना त्यांनी एकदा माझ्यातलं पिल्लू दाखवलं होतं. "बघ, तीन पिसं आहेत." त्यांनी नाकाला पदर लावला, दुसरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो हो, छान आहे. आता हात साबणाने धुवा." तीन पिसांबद्दल दिवाकरराव नंतरही जेवताना, भाजी निवडताना बोलत राहिले. त्या हूं हूं करत राहिल्या.

आता त्यांच्या जिवाला लागलेली गोष्ट सांगते. दरवर्षी नवरात्र संपलं की पाचसहा दिवस त्या एकाच खळग्यावर एक वेगळी टाचणी दिसायची. काळं बारीक अंग आणि शेपटीच्या अगदी टोकाला लाल ठिपका. तिचं नाव पुस्तकात सापडेना, म्हणून दिवाकररावांनी तिचं नाव ठेवलं टिकलीवाली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत नाहीशी होणारी. मोबाइलवर फोटो काढला की नुसती धुरकट रेघ यायची.

पुण्याच्या एका कॉलेजात टाचण्यांचा अभ्यास करणारा नीरज नावाचा तरुण प्राध्यापक होता. दिवाकरराव त्याला फोटो पाठवायचे. तो आदराने उत्तर द्यायचा. "काका, फोटोवरून काहीच सांगता येत नाही. अशा वर्णनाची टाचणी तुमच्या भागात कुणी नोंदवलेली नाही. लाल ठिपका प्रकाशामुळे भासला असेल. निदान तिने टाकलेली कात मिळाली, तर बघता येईल." दिवाकरराव तो निरोप चारचारदा वाचायचे. सात वर्षं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट भास ठरत होती. सत्तरीच्या माणसाला, तुम्हाला भास होतोय, असं कुणी म्हटलं की तो गप्प बसतो. पण आतून तो किती हलतो, ते मी खिशात राहून ऐकलंय.

इकडे कॉलनीत भलतंच चाललं होतं. रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ खळग्याशी बसतात, चहाच्या गाळणीने पाण्यातून काहीबाही काढतात. दुसऱ्या कुठल्या गावात लोक म्हणाले असते, डोकं फिरलं. इंदुरात लोक म्हणाले, काकाजी एकटे खदान साफ करतायत! कॉलनीच्या समितीचा सेक्रेटरी जयेश. भला माणूस, कामाला वाघ. त्याने प्रजासत्ताक दिनाला दिवाकररावांना शाल आणि 'स्वच्छता मित्र' असं छापलेलं प्रमाणपत्र दिलं. "एक छोटी सी गाळणी लेकर काकाजी लगे हुए हैं, आणि आपण नुसते बघत बसलोय," असं भाषणही केलं.

आता बोला, मी खिशातून मनात ओरडत होते. सांगा, मी साफ नाही करत, मी बघतो! पण टाळ्या वाजत होत्या. दिवाकररावांनी भिडेखातर शाल घेतली आणि हसून हात जोडले. त्यांची चूक तिथे झाली. चूक एवढीशीच, पण झाली.

गेल्या आश्विनात नीरजचा फोन आला. इंदूरला यायचं ठरतंय, दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी पोचेन, संध्याकाळच्या गाडीने परत. दिवाकररावांनी त्याच आठवड्यातल्या गुरुवारी टिकलीवाली पाहिली होती, वर्षातली पहिली. खळग्यात तिचीच असावीत अशी पिल्लंही बाहेर यायला तयार होती. "सुलोचना, येतोय तो! आता स्वतःच्या डोळ्यांनी बघेल," ते म्हणाले. घरात ते गाणं गुणगुणत होते. सात वर्षांत मी त्यांचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

रविवारी सहाला दिवाकरराव स्टेशनवर गेले. मला मोरीपाशी खिळ्याला टांगून गेले. सव्वासहाला जयेश दारात. मागे कॉलनीतल्या चार बायका, झाडू, बादल्या.

"काकीजी, पुण्याहून मोठे साइंटिस्ट येतायत म्हणे! आणि खदान अशी? आपल्या इंदूरची इज्जत का सवाल है."

सुलोचनाबाई आधीच दिवाळीच्या साफसफाईच्या भरात. त्यांचे डोळे भरून आले. "चला ना. यांच्यासाठी मी पण कधी काही केलं नाही त्या जागेचं. उडणाऱ्या किड्यांना पण स्वच्छ पाणी मिळेल." आणि त्यांनी खिळ्यावरून मला काढलं.

मी काय सांगू! त्यांनी पदर खोचला आणि मला खळग्यात घातलं. एकदा, दोनदा, पन्नासदा. त्या मायेने गाळत होत्या, चहा गाळताना गाळायच्या तशाच. शेवाळ, पानं, अंड्यांचा भार वाहणारा बाप आणि तीन पिसंवाली पिल्लं, एकामागून एक, माझ्याच जाळीत. ज्या जाळीतून सात वर्षं त्यांना जपून परत सोडलं, त्याच जाळीतून ती बादलीत पडत होती. मी थांबू शकले नाही. माझी भोकं मोठी करू शकले नाही.

लव्हाळ्याच्या चार काड्याही उपटल्या. पाणी उपसलं, कातळ झाडूने घासला, ब्लीचिंग पावडर टाकली, धुतला, टँकरचं पाणी भरलं. वर झेंडूच्या पाकळ्या. काठाशी रांगोळीने 'सुस्वागतम्'. आणि आठ वाजता कचरागाडी आली, तेव्हा सुलोचनाबाईंनी बादलीतलं सगळं नीट बघून गील्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या खान्यात टाकलं. वर्गीकरणात त्यांची कधी चूक होत नाही.

घरी येऊन त्या मला धुणार, तोच बाहेर रिक्षा थांबली. त्यांनी मला तशीच ओट्यावर ठेवली आणि हात पुसत धावल्या.

पुढचं मी खिडकीतून ऐकलं. रिक्षातून उतरून दिवाकरराव नीरजला घेऊन सामानासकट सरळ खदानीकडे गेले होते.  मग जयेशचा उत्साही आवाज. "काकाजी, देखो! एकदम चकाचक!"

  दिवाकरराव परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. माणसाला घरातलं कुणी गेल्याची बातमी कळली की तो बातमी सांगणाऱ्याकडेच बघत राहतो, तसे ते सुलोचनाबाईंकडे बघत होते.

"पिल्लं त्या चिखलात होती," ते म्हणाले. "सगळी."

"कुणाची पिल्लं?" सुलोचनाबाईंनी विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. त्या भिंतीला टेकल्या. "अहो, मला वाटलं ती उडणारी वेगळी आणि हे किडे वेगळे... मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगितलं होतं," दिवाकरराव म्हणाले, आणि मग, "पण जयेशला नाही सांगितलं मी. शाल घेतली, तेव्हाच सांगायला हवं होतं."

नीरज भला मुलगा. त्याने तासभर खदान पालथी घातली आणि रिकाम्या हाताने आला. "काका, मी पुढच्या वर्षी परत येईन," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी कशातून येईल ती?" दिवाकररावांनी विचारलं. 

पाहुण्याला चहा तरी द्यायला हवा. सुलोचनाबाई स्वयंपाकघरात आल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय, हात आपोआप चालतायत. पाणी, आलं, साखर, भुकटी, दूध. चहा उकळून वर आला.

आणि त्यांनी हाताला लागली ती गाळणी उचलली. मला.

आता माझी अवस्था ऐका. माझ्या त्या सैल कडेच्या फटीत सकाळपासून ओल्या शेवाळाचा एक गोळा अडकला होता आणि त्या गोळ्यात एक पिल्लू जिवंत होतं. तीन पिसांची हालचाल मला कळत होती. दोन तास मी ती ओल धरून ठेवली होती, ते शेवटचं पिल्लू होतं म्हणून. आणि आता माझ्याखाली कप होता, वर उकळतं पातेलं वाकत होतं. मी गाळणी. चहा यायच्या आत मी काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा मला चहाची भीती वाटली.

पातेलं वाकलं. पहिली धार कपाच्या काठावर पडली. वाफ माझ्यावर आली आणि फटीतलं पिल्लू तडफडून बाहेर आलं, जाळीच्या मधोमध.

सुलोचनाबाईंचा हात थांबला. किडा दिसला की शहारणाऱ्या त्या बाई. त्यांनी नाकाला पदर लावला नाही. वाकल्या. आणखी वाकल्या.

"तीन पिसं," त्या म्हणाल्या. आणि मग इतक्या मोठ्याने ओरडल्या, की बाहेरच्या खोलीत नीरज उठून उभा राहिला. "अहो! अहो, या लवकर! तीन पिसं आहेत हिला!"

चहा कुणीच घेतला नाही.

नीरजने भिंगातून बघितलं. "टाचणीचं पिल्लू आहे, नक्की. पण जात सांगता येत नाही. बाहेर आलं तर कळेल. जगवता येईल का?"

"जगवेन," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पुढचे दिवस मला अजून खरे वाटत नाहीत. काचेच्या बरणीत पाणी, उदबत्तीची एक काडी उभी आणि आत ते पिल्लू. त्याला खायला डासाच्या जिवंत अळ्या लागतात. तर सुलोचनाबाईंनी तुळशीमागे एक झाकलेली बादली ठेवली आणि तिच्यात डासाच्या अळ्या वाढवल्या! इंदुरात! फवारणीवाले गल्लीत आले की त्या बादलीसमोर पाट टाकून भाजी निवडत बसायच्या. रोज त्या मला बादलीत घालायच्या, चार अळ्या उचलायच्या, बरणीत सोडायच्या आणि त्या लांब ओठाची झडप बघून "बाई गं!" म्हणायच्या. मी सात वर्षांपूर्वी हेच म्हटलं होतं.

वसुबारसेच्या सकाळी दिवाकरराव दूध आणायला गेले होते. रांग मोठी होती. तेवढ्यात पिल्लू काडीवर चढलं. सुलोचनाबाईंनी फोन शोधला, तो दिवाकरराव घेऊन गेलेले. त्या बरणीसमोर बसल्या. मी शेजारीच होते. पाठ फाटली. आतून डोकं आलं, पाय आले, चुरगळलेले पंख आले.  सुलोचनाबाईंनी पाऊण तास पापणीसुद्धा हलवली नसेल. मग पंख सरळ झाले, ती बरणीच्या काठावर आली आणि खिडकीतून गेली.

काडीवर कात राहिली. रिकामी, पाठीला चीर पडलेली.

दिवाकरराव आले. कात बघितली. दुधाची पिशवी त्यांच्या हातातच राहिली.

"गेली?"

"गेली."

"तू पाहिलीस?"

"पाहिली."

ते खुर्चीवर बसले. "काळी होती? टोकाला लाल?"

सुलोचनाबाईंना हो म्हणता आलं असतं. एवढं नुकसान केलेल्या बाईने हो म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. मीही मनात म्हणत होते, म्हणा हो.

त्या रडवेल्या झाल्या. "नाही हो. काळी नव्हती. दुधात भुकटी कमी पडली की चहा दिसतो ना, तशी फिकी होती. लालही नव्हतं. टोकाला एवढासा केशरी ठिपका होता, तो पण उन्हात आल्यावर दिसला. मी खोटं कसं सांगू तुम्हाला?"

दिवाकरराव उठून उभे राहिले. "सुलोचना, नवी टाचणी फिकीच असते. रंग नंतर भरतो. काळी, लाल म्हणाली असतीस तर मला कळलं असतं, की तू माझ्यासाठी सांगतेयस." ते बरणीवर वाकले. "तुला ठिपका दिसला ना?"

"दिसला."

त्यांनी वही काढली. तारीख, जागा, हवा. टिकलीवाली, नुकतीच बाहेर आलेली, ठिपका केशरी. मग ओळीच्या शेवटाशी आले. आणि लिहिलं, पाहणारी: सुलोचना.

कात काड्यापेटीत कापूस घालून पुण्याला गेली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आधी दिवाकरराव असे निरोप दिवसातून दहादा बघायचे. आता बघत नाहीत, आणि त्याचंही मला नवल वाटतं. खदानीवर जयेशने स्वतःच्या हाताने फलक लावला आहे, 'कृपया यहाँ सफाई न करें'. इंदुरात असा फलक बघून येणारेजाणारे थबकतात, दोनदा वाचतात. खळग्याच्या कडेला पुन्हा शेवाळ धरायला लागलंय. टिकलीवाली तिथे परतेल की नाही, मला माहीत नाही.

माझी कड अजून सैलच आहे. दिवाकरराव एकदा पक्कड घेऊन ती घट्ट करायला बसले होते. सुलोचनाबाईंनी पक्कड काढून घेतली.

आता रोज सकाळी मी त्यांच्याच पिशवीत असते. तुमच्या घरात माझ्यासारखी फट पडलेली एखादी गाळणी असेल, तर तिला भंगारात टाकण्याआधी एकदा बाहेर न्या. आणि घाण दिसणारं पाणी दिसलं तर झाडू आणायच्या आधी जरा वाकून बघा. येते मी. त्या काठाशी उकिडव्या बसल्यात आणि हाक मारतायत, "अहो, हे काय आहे, लवकर या!"